वाचकांचे प्रश्न : डबा आणायचा की डाळ वाढवायची?

प्रश्न : वय २१, वजन ६० किलो, घरी पूर्ण शाकाहार. पोलीस भरतीची तयारी करतोय. जिममधले सर म्हणतात, प्रोटीनचा डबा चालू केल्याशिवाय ना छाती मापात बसेल, ना अंग भरेल. डबा तीन हजारांचा आहे. घ्यावाच लागेल का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : नाही. वजन उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमच्या हिशेबाने ९६ ग्रॅम. आता घरचं ताट मोजू. तीन भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद दळून केलेल्या कळण्याच्या ८० ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं देते. दिवसाला चार भाकरी, म्हणजे ४४. साठ ग्रॅम डाळीची १४, अर्धा लिटर दुधाची १६, तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांची १५ आणि तेवढ्याच शेंगदाण्यांची ७. झाली बेरीज. नुसत्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी पडतं, ते उडीद भरून काढतो. त्यामुळे नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा कळणा केव्हाही सरस.

घोळ होतो तो मोजण्यात. डाळ आणि वड्या कोरड्या असतानाच तोलायच्या. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम २५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे सहाच ग्रॅम प्रथिनं. शेवभाजीतली शेव बेसनाची खरी, पण तिच्यासोबत पोटात जाणारं तेल पाहता ती या हिशेबात धरू नका. केळ्यात प्रथिनं नावालाच, एखादा ग्रॅम; ऊर्जा मात्र शंभरेक कॅलरी.

ती ऊर्जाच अनेकदा कमी पडते. भरतीची मुलं पहाटे १६०० मीटरचा सराव करतात, संध्याकाळी जिमला जातात आणि जेवतात पूर्वीइतकंच. मग खाल्लेली प्रथिनंही सरपणासारखी जळतात. रोजच्या जेवणावर दोन केळी आणि एक ग्लास दूध वाढवा, सुमारे ३०० कॅलरी होतात. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी वजन करा. आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढ हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर चरबी चढतेय.

छातीचं म्हणाल तर पुरुष उमेदवाराला न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ दाखवावी लागते. फुगवणं हा श्वासाचा आणि बरगड्यांच्या हालचालीचा सराव आहे, पावडरीचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ माप वाढतं ते छाती आणि पाठ दोन्ही भरल्याने. पाठीकडे बहुतेक मुलं ढुंकूनही पाहत नाहीत. जोर, डिप्स आणि रोइंग आठवड्यातून दोनदा, प्रत्येक भागाला मिळून दहाएक सेट. अजून एक-दोन वेळा जमलं असतं, अशा ठिकाणी सेट थांबवा. बारा वेळा सहज जमायला लागलं की अडीच किलो वाढवा. सहा महिने तेच वजन उचलणाऱ्याला कोणताच डबा उपयोगी पडत नाही.

मेसवर जेवणाऱ्याला २०-२५ ग्रॅम कमी पडत असतील तर व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) सोयीची आहे. तीस ग्रॅमच्या मापात साधारण तेवढी प्रथिनं मिळतात. किंमत डब्याची पाहू नका, एक ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात ते काढा. वजन वाढवण्यासाठी विकले जाणारे ‘मास गेनर’ मात्र टाळा. त्यात अर्ध्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पिठूळ भुकटी) किंवा साखर असते.

प्रश्न : क्रिएटिनने किडनी जाते का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : निरोगी माणसाची जात नाही. क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा, शरीरातही बनणारा पदार्थ. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, पाण्यातून. परिणामाला तीन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला किलोभर वजन वाढतं ते स्नायूंत साठलेल्या पाण्याचं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिन मुळात कमी असल्याने त्याला फरक जास्त जाणवू शकतो. भीती पसरते ती रिपोर्टमुळे : क्रिएटिनपासून बनणारं आणि किडनीची तब्येत जोखायला मोजलं जाणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. तपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगा. किडनीचा आजार असेल किंवा वय अठराच्या आत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. जिममधून बिननावाच्या गोळ्यांची पुडी आणतो, ‘व्हिटॅमिन’ म्हणतो. दोन महिन्यांत दंड फुगले, पाठभर पुरळ आलंय.
– एक आई, शहादा

उत्तर : ताई, ही लक्षणं स्टेरॉइडची (स्नायू फुगवणाऱ्या, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनसारख्या औषधांची) असू शकतात. या वयात त्याने हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटते, वृषणं आकसतात, छातीत गाठ येते, यकृत आणि रक्तदाब बिघडतो. रागावलात तर तो लपवून घेईल. गोळ्या बंद करायच्याच आहेत, पण त्यानंतर काही काळ शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन नीट बनवत नाही, मुलं खचतात; म्हणून हॉर्मोनतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे याच आठवड्यात न्या. रक्तदाब, यकृत, लिपिड (रक्तातली चरबी) आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी होईल. पुडी फेकू नका, सोबत न्या.