घरातले भरतकाम आणि भिंतीवरची चित्रे : वाचकांचे प्रश्न

घरात जपून ठेवलेली किंवा प्रदर्शनांतून हौसेने घेतलेली हातकामाची वस्त्रे भिंतीवर कशी लावावीत, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची नऊवारी पैठणी आमच्याकडे आहे. पदर उत्तम स्थितीत आहे, पण साडीचे अंग घड्यांवर विरले आहे. पदर कापून त्याची फ्रेम दिवाणखान्यात लावावी असे मनात आहे. फ्रेम करणारे म्हणतात की ते पदर प्लायवुडवर चिकटवून देतील. हे योग्य होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पदर चिकटवू मुळीच नका, आणि कापण्याचा निर्णयही तूर्त बाजूला ठेवा. डिंक काय किंवा दुहेरी चिकटपट्टी काय, काही वर्षांत ती पिवळी पडते, कडक होते आणि रेशमात इतकी मुरते की कापडाला इजा न करता ती काढता येत नाही. शिवाय कच्च्या प्लायवुडमधली आणि साध्या पुठ्ठ्यातली आम्लता रेशमाला हळूहळू तपकिरी आणि ठिसूळ करते. फ्रेम उघडून पाहण्याची वेळ येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या साडीचे अंग घड्यांवरच का विरले, हे समजून घेतले तर पुढचे मार्ग आपोआप सुचतील. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक तार. जरीचे काठ आणि पदर जड व काहीसे ताठ असतात, तर मधले रेशीम मऊ आणि हलके असते. वर्षानुवर्षे त्याच घडीवर दुमडून, वर इतर साड्यांचे ओझे ठेवले की त्या रेषेवर धागे तुटू लागतात. तेव्हा फ्रेम होईल न होईल, पण ही साडी आजच घडीतून सोडवा. जाड पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेले, खळ नसलेले पांढरे सुती कापड गुंडाळा, त्यावर पैठणी सैलसर गुंडाळा आणि वरून मलमलीचे आच्छादन बांधा.

आता पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्र छोट्या तिल्लीवरून त्या नक्षीपुरताच फिरवलेला असतो, त्यामुळे मोर, आसावली (फुलांची वेल) किंवा मुनिया (पोपट) ही नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. हे सौंदर्य काचेमागे एकाच बाजूने बंद करण्यापेक्षा मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. भिंतीवर हातभर पुढे आलेल्या दोन ब्रॅकेटांवर लाकडी दांडा बसवावा, दांड्याला सुती कापडाचे जाड वेष्टण करावे, पदर त्यावरून पुढे सोडावा आणि उरलेली साडी मागे गुंडाळलेल्या नळीवर ठेवून तिचे वजन पदरावर येऊ देऊ नये. नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंत पदर असा मांडावा आणि नंतर पुन्हा विश्रांतीला न्यावा. संग्रहालयेही वस्त्रे आलटूनपालटूनच मांडतात, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. जुन्या वस्त्रांसाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. आपल्या खिडकीजवळ भर दुपारी तो काही हजार लक्स असतो. त्यामुळे खिडकीसमोरची भिंत यासाठी निवडू नये, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको.

साडीच्या अंगाच्या चिंध्याच झाल्या असतील आणि पदर वेगळा करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर फ्रेम जरूर करावी. मात्र आम्लमुक्त पुठ्ठ्यावर सुती कापड ताणून, पदर त्यावर बारीक रेशमी दोऱ्याने टाचून घ्यावा आणि काच व कापड यांच्यामध्ये निदान पाव इंच मोकळी जागा सोडावी, म्हणजे दमट हवेत जर काचेला चिकटणार नाही. असे काम जाणणारा माणूस मिळेपर्यंत थांबलेले बरे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. ठाण्याहून तेथे जाऊन सल्ला विचारणे आपल्याला अवघड नाही.

प्रश्न : आईने स्वतःच्या रुखवतासाठी दुसुतीवर भरलेले ‘सुस्वागतम्’ आणि काचेच्या पोतींचे तोरण ट्रंकेत सापडले. कापडावर पिवळे डाग आहेत. आमचा फ्लॅट नव्या पद्धतीचा आहे. हे तिथे विजोड दिसेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विजोड मुळीच दिसणार नाही. एक काळ असा होता की मराठी घरांतल्या मुली दुसुतीचे धागे मोजून फुलीच्या टाक्याने पोपट, हंस आणि फुलदाण्या भरत, आणि लग्नात त्यांचे कसब रुखवतात सर्वांसमोर मांडले जाई. ही कामे जुनाट वाटतात ती बहुधा त्यांच्या भोवतीच्या झगमगीत सोनेरी फ्रेममुळे. साध्या सागवानी पट्टीत, चारी बाजूंनी तीन-तीन इंच कोरे कापड सोडून, पांढऱ्या भिंतीवर हे ‘सुस्वागतम्’ एकटे लावा. शेजारी कॅलेंडर, घड्याळ किंवा दुसरे चित्र नको.

डागांसाठी ब्लीच वापरू नका. प्रथम कापडाच्या उलट बाजूने प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर ओला पांढरा कापूस काही क्षण दाबून धरा. लाल, काळा आणि गडद निळा यांची परीक्षा विशेष काळजीने घ्या. एकाही रंगाचा ठसा कापसावर उमटला तर ते पाण्यात घालू नका, डाग तसेच राहू द्या. ते त्या कापडाच्या वयाचे आहेत. रंग पक्का निघाला तर गाळलेल्या कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण मिसळून कापड न चोळता भिजवावे, दोन-तीन पाण्यांतून काढावे आणि न पिळता टॉवेलवर पालथे पसरून सावलीत वाळवावे. इस्त्रीही टॉवेलवर पालथे ठेवूनच करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

तोरण मात्र आहे तसे टांगू नका. अशा तोरणांत गोल पोतींबरोबर काचेच्या लांबट नळ्या असतात, आणि नळ्यांच्या कापलेल्या कडा आतला दोरा वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. वरून दोरा धड दिसला तरी नळीच्या तोंडाशी तो केसभर उरलेला असतो, आणि दाराच्या एका धक्क्याने सगळे काम जमिनीवर ओघळते. तोरण परातीत पसरून आधी त्याचे जवळून छायाचित्र घ्या, मग एकेक सर जुन्या दोऱ्यावरून नव्या मजबूत दोऱ्यावर उतरवून घ्या आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल पोत येईल असे पाहा. नक्षीत एवढा बदल करावा लागला तरी चालेल. मग ते देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या आतल्या दारावर लावा. सुरक्षा दरवाजाच्या आपटण्यापासून ते दूर असावे.

प्रश्न : निरनिराळ्या प्रदर्शनांतून मी कच्छी चाकळे, पंजाबी फुलकारी, बंजारा भरतकामाचे तुकडे आणि कसुतीची उशीची खोळ घेतली आहे. सगळे एकाच खोलीत मांडले तर फार गर्दी वाटते. कशाचे काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रंगांची जुळणी करण्याआधी प्रत्येक भरतकाम किती हाताळणी सोसते, हे पाहावे. खोलीची मांडणी त्यावरून ठरते.

फुलकारी खद्दरच्या उलट बाजूने, पीळ नसलेल्या रेशमी दोऱ्याने भरतात. त्या सुट्या रेशमाचे लांब टाके प्रकाशात दोन दिशांना दोन छटा दाखवतात, आणि नेमके तेच टाके बांगडीत, घड्याळाच्या पट्ट्यात अडकून उसवतात. त्यामुळे फुलकारी सोफ्यावर टाकण्याचा आजकालचा प्रघात मला पटत नाही. तिला मोठी मोकळी भिंत द्यावी. वरच्या कडेला आतून रुंद सुती पट्टी शिवून तिच्यात दांडा ओवावा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर सारखे पडते. कोपऱ्यांना खिळे किंवा चिमटे लावले की कापड दोन्ही टोकांना ओढले जाऊन मध्ये झोळ पडतो.

कच्छी कामातले आभले, म्हणजे बारीक आरसा, गोंदाने बसवलेले नसून भोवतीच्या टाक्यांच्या जाळीने धरलेले असते. जाळीचा एक धागा सुटला की आभले निखळते. चाकळा हा मुळातच भिंतीवर लावायचा चौकोन आहे, तो तिथेच शोभतो. समोरून झगझगीत दिवा न टाकता बाजूने मंद दिवा द्यावा. बंजारा भरतकामातल्या कवड्या आणि धातूचे मणी लाकडावर ओरखडे काढतात आणि पाठीलाही टोचतात, त्यामुळे खुर्चीवर त्यांची योजना करू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या तांड्यांवरचे हे काम आपल्याच राज्यातले आहे, तरी पुष्कळ घरांत राजस्थानी म्हणूनच त्याची ओळख करून दिली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. घेताना ते कोणत्या तांड्यावरचे आहे हे विचारून मागे चिठ्ठी टाचून ठेवावी.

धारवाडकडची कसुती या सर्वांत काटक. गवंती आणि मुर्गी हे टाके धागे मोजून, गाठ न मारता घालतात आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. उशीची खोळ रोज निर्धास्त वापरा.

सगळे एका वेळी मांडू नका. एका खोलीत एक मोठे वस्त्र आणि एखादी लहान वस्तू पुरेशी होते; बाकीची पेटीत ठेवून ऋतूनुसार बदलावीत. या वस्त्रांच्या खोलीत पडदे आणि सोफ्याचे कापड एकरंगी असावे, ही एवढी एक अट मी आग्रहाने घालीन.

प्रश्न : सोफ्यामागच्या भिंतीवर मोठा वारली लग्नचौक रंगवून घ्यायचा आहे. स्टेन्सिलने काम स्वस्तात होते. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लग्नचौक त्या जागी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळी कुडाच्या, शेणमातीने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवीची स्थापना होते. ते पूजेचे लेखन आहे. सोफ्यामागे लोकांच्या डोक्यांआड येणारी सजावट म्हणून ते वापरणे मला उचित वाटत नाही.

तारपा नाच, भातलावणी, मासेमारी, झाडावर चढणारी माणसे असे विषय मात्र दिवाणखान्यात आनंदाने आणावेत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला विधीपलीकडे कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत अनेक वारली चित्रकार काम करतात. स्टेन्सिलवर खर्च करण्याऐवजी त्यांच्यापैकी कोणाचे तरी स्वाक्षरी केलेले एक चित्र विकत घ्या, मग ते लहान असले तरी चालेल. छापील नक्कल ओळखायची असेल तर रेषा जवळून पाहा. हाताने काढलेली रेषा सुरुवातीला जाड असते आणि पुढे रंग संपत आला की बारीक होते. माणसाच्या अंगाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जिथे भेटतात, तिथे प्रत्येक आकृतीत किंचित फरक असतो. छापात सगळ्या कंबरा सारख्या निघतात.

कापडावर शेणाचा किंवा गेरूचा थर असेल तर तो हाताला लागतो, म्हणून चित्र काचेत बसवावे, पण काचेला टेकू देऊ नये. बसलेल्या माणसाला मान वर न करता दिसेल एवढ्या उंचीवर, शक्यतो जेवणाच्या टेबलाजवळ ते लावावे, म्हणजे त्यातल्या बारीक आकृत्या निवांत पाहता येतील.

प्रश्न : आजीच्या हातच्या गोधडीला पावसाळ्यात बुरशी येते. भिंतीवर टांगली तर टिकेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोकणातल्या पावसाळ्यात ती भिंतीवर टांगू नये, मागे हवा खेळत नाही आणि कापडाचे थर ओल शोषतात. सध्याची बुरशी गोधडी पूर्ण कोरडी झाल्यावर, घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती ठेवू नये. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून, वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि डांबरगोळ्या ठेवल्याच तर त्यांचा कापडाला स्पर्श होऊ देऊ नये. गणपतीनंतर ऊन पडू लागले की ती सावलीत, वाऱ्यावर पसरावी, आणि नंतर उन्हाळा संपेपर्यंत पलंगाच्या पायथ्याशी किंवा झोपाळ्यावर अंथरावी. धावदोरा कुठे सुटला असेल तर त्याच जाडीच्या सुती दोऱ्याने तो वेळीच घालून घ्यावा.