सांगलीतलं घर, 40 लाखांचं कर्ज आणि विमा नेमका कितीचा?

वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत मारुती चौकापासून चालत दहा मिनिटांवर त्या रो-हाउस घेत आहेत. तळमजला आणि वर एक मजला, कार्पेट 950 चौरस फूट, किंमत 68 लाख, कर्ज 40 लाख. बँकेने दोन विमे पुढे केले आहेत. एक 68 लाखांचा घराचा, दहा वर्षांसाठी एकरकमी 24 हजार. दुसरा ‘लोन प्रोटेक्शन’, 90 हजार, कर्जातच मिळवून. मिस्टर म्हणतात, 2019 ला पाणी आलेल्या भागात कुठली कंपनी पैसे देणार आहे, त्यापेक्षा तेवढे पैसे बँकेत ठेवू. ताईंना विचारायचं आहे, घ्यावं का, आणि कितीचं?

ताई, घ्याच. पण बँकेने मांडलंय तसं नाही.

आधी ते 90 हजार बाजूला काढू. त्याचा घराशी संबंध नाही. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फेडणारा तो जीवन विमा आहे. गरज खरी आहे, पण तीच गरज साधा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा जीवन विमा, भागवतो. बहुतेक लोन प्रोटेक्शनमध्ये कर्ज उतरेल तसं संरक्षण उतरत जातं, टर्ममध्ये ते तेवढंच राहतं. शिवाय 90 हजार कर्जात मिळवले तर 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांत महिन्याला साधारण 780 रुपये, म्हणजे एकूण 1 लाख 87 हजार जातील. अमुकच कंपनीची पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. दोघांच्या नावाने टर्मचे दर काढा आणि बँकेला ‘नको’ असं लेखी कळवा.

आता घर. 68 लाखांत जागेची किंमत आहे, आणि जागा ना जळते ना वाहून जाते. विमा बांधकामाचा असतो. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने सर्व साधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आणली. तिच्यात इमारतीची विमा रक्कम म्हणजे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं, क्षेत्रफळ गुणिले त्या दिवशीचा बांधकामाचा दर. तुमच्याकडे 2,400 रुपये फूट धरला तर 22 लाख 80 हजार होतात. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, पार्किंगचं छप्पर, गच्चीवर सोलर असेल तर तो, हे सगळं वेगळं लिहून मिळवा. 26 लाखांच्या आसपास याल. दर मात्र स्थानिक इंजिनिअरला विचारूनच धरा.

68 लाखांचा काढला म्हणून 68 लाख मिळणार नाहीत. घर पुरतं कोसळलं तरी ते बांधायला लागणारा खर्चच मिळेल. त्याच दराने 26 लाखांचा हप्ता 24 हजारांऐवजी साधारण 9,200 पडतो. बँक कर्जाएवढ्या 40 लाखांवर अडून बसली तर क्षेत्रफळाचा हिशेब लेखी दाखवा. तरीही ऐकलं नाही तर त्यावरून ताबा लांबवू नका, जास्तीचे चार-पाच हजार सोडून द्या.

खरं अडतं ते पुढे. बँकेचा कागद मी दोनदा वाचला, तो फक्त इमारतीचा आहे. बँकेचं तारण इमारत आहे, त्यामुळे तिला तेवढंच पुरतं. तुम्हाला पुरत नाही.

माझ्या मावशीचं घर तुमच्या नव्या घरापासून फार लांब नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. मावशीकडे पाच फूट पाणी आठवडाभर होतं. ओसरल्यावर गेलो तर भिंती जागच्या जागी होत्या. रंग गेला, खालचं प्लास्टर सुटलं, तेवढंच. पण फ्रिज, वॉशिंग मशिन, दोन कपाटं, पलंग, शिलाई मशिन, वर्षाचं धान्य, सगळं गाळात. त्यांचाही विमा कर्जाबरोबर आलेला, नुसत्या इमारतीचा. प्लास्टर-रंगाचे पैसे मिळाले, संसाराचा एक रुपया नाही. सरकारची तातडीची मदत शहरी कुटुंबाला 15 हजार होती. मावशीने कपाटाचे फुगलेले दरवाजे उन्हात वाळत ठेवले होते, ते मला अजून दिसतात. म्हणून हे कळकळीने सांगतोय: कृष्णेकाठी तळमजल्यावर राहणाऱ्याने इमारतीइतक्याच काळजीने सामानाचा विमा काढावा.

भारत गृह रक्षात इमारत आणि सामान दोन्ही घेतलं की सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळतं. तुमच्या बाबतीत 5 लाख 20 हजार. दोन मजल्यांच्या संसाराला ते अपुरं वाटतं. एक रविवार बसा, खोलीगणिक यादी करा, आजच्या नव्या वस्तूच्या किमती लिहा, कारण भरपाई नव्याच्या दराने धरली जाते. माझ्या अंदाजाने 8 ते 9 लाख होतील. तेवढे जाहीर करा. इमारतीवर वाचलेल्या पैशांतून बराचसा हप्ता निघेल.

सोनं यात येत नाही. दागिन्यांसाठी मौल्यवान वस्तूंचं जोड संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. लॉकरमध्ये ठेवलं म्हणून निर्धास्त राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2022 पासूनच्या नियमांत आग, चोरी, इमारत कोसळणं यांसाठी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे, पण पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीला ती जबाबदार नाही. लॉकर निवडताना शाखा कुठल्या भागात, कितव्या मजल्यावर आहे ते बघा.

घरफोडीही यात नाही. पूर किंवा आगीसारख्या विमा असलेल्या घटनेमुळे, त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. सुट्टीत घर बंद ठेवणार असाल तर घरफोडीचं संरक्षण वेगळं मागा. ओल, वाळवी, जुनी गळती, शॉर्ट सर्किटने जळालेला फ्रिज यांचे पैसे मागू नका, मिळणार नाहीत. त्या शॉर्ट सर्किटची आग घरभर पसरली तर ते नुकसान मात्र धरतात. भूकंपही आत आहे. 1967 चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्यांना त्याचं मोल सांगायला नको. आणि घर राहण्याजोगं नसेल तोवर दुसरीकडे भरलेलं भाडंही अटींनुसार मिळतं.

मिस्टरांची शंका रास्त आहे. पूर या पॉलिसीत मुळातच धरलेला आहे, पण 2019 आणि 2021 ला या घरात किती पाणी होतं ते प्रस्तावात खरं लिहा. लपवलं तर क्लेम तिथेच अडकेल. त्याहून आधी महापालिकेत जाऊन घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या, आत आहे का ते बघा. आत असेल तर मी विम्यावर नाही, खरेदीवरच पुन्हा विचार करायला सांगेन. आणि ते पैसे बँकेत ठेवण्याचं म्हणाल, तर 24 हजार दहा वर्षं ठेवून दुप्पट झाले तरी मावशीच्या घरातली दोन कपाटं आणि एक फ्रिज येईल.

दहा वर्षं की एक? कर्ज आहे तर दीर्घ मुदतीची घ्या, पण हप्ता कर्जात मिळवू नका. दीर्घ मुदतीत इमारतीची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, दुप्पट होईपर्यंत, जादा हप्ता न घेता. सामानाची यादी मात्र तुम्हीच दर दोन वर्षांनी बघायची. इमारतीच्या क्लेमवर बँकेचा हक्क राहील. सामानाचे पैसे तुमच्या हातात यावेत, म्हणून बँकेचं नाव फक्त इमारतीपुरतं आहे ना, ते पॉलिसीच्या कागदावर तपासा.

पाणी ओसरल्यावर आपली पहिली घाई गाळ काढायची असते. त्याआधी कंपनीला कळवा, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक वस्तू यांचे फोटो काढा, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकू नका. कुजलेलं ठेवणं शक्यच नसेल तर फेकण्याची परवानगी मेसेजवर घ्या. क्लेम नाकारला आणि कंपनीने तक्रारही ऐकली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी.

पॉलिसी ताब्याच्या दिवसापासून सुरू होईल असं बघा. आणि टेम्पोतून सामान उतरवून झालं की त्याच संध्याकाळी मोबाइल घेऊन प्रत्येक खोली, कपाटं उघडून, सावकाश चित्रित करा, आणि तो व्हिडिओ सांगलीबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.