आधी चालवून बघ, मग बोल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय,

तुझा मेल वाचला. ‘सगळे म्हणतात’ हे त्यात इतक्यांदा आलंय की तुझं स्वतःचं वाक्य शोधावं लागलं. सीनियर म्हणतो, प्लॅटफॉर्म (आपण फक्त कोड द्यायचा, सर्व्हर दुसऱ्या कंपनीने सांभाळायचा, ती भाड्याची सोय) म्हणजे पोरांच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी, खऱ्या कामाला आपला सर्व्हरच हवा. पुण्यातला मित्र म्हणतो, कुबरनेटीस, म्हणजे बऱ्याच सर्व्हरवर ॲप चालवायचं ते अवघड अवजार, येत नसेल तर कुणी उभं करत नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, एकदा तिकडे गेलीस की अडकलीस. आणि तू निफाडच्या शेतकरी कंपनीचं कांद्याच्या आवकेचं ॲप अर्ध्यावर ठेवून मला विचारतेस, ‘ताई, नेमकं कुणाचं ऐकू?’

कुणाचंच नको. आधी चालवून बघ, मग बोल.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे मी लिहीत बसणार नाही. ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. मला लागलं ते वेगळंच. ज्या गोष्टीचा निकाल तू लॅपटॉपवर एका दुपारी लावू शकतेस, तिच्यासाठी तू पंधरा दिवस लोकांची तोंडं बघत बसलीस.

परवा तू ‘आजची आवक’ हे पान उघडून दाखवलंस. आठ-नऊ सेकंद नुसतं फिरत राहिलं. सीनियरने तिथल्या तिथे निकाल दिला होता, ‘प्लॅटफॉर्म स्लोच असतात.’ आपण सेटिंग उघडलं तर काय दिसलं? ॲप अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या सर्व्हर-केंद्रात, कारण अकाउंट उघडताना जे समोर आलं तेच राहिलं. डेटाबेस मात्र मुंबईत, कारण क्लायंटला डेटा भारतात हवा होता. तिथून इथे येऊन परत जायला साधारण २०० मिलीसेकंद लागतात. एका फेरीचं काही वाटत नाही. पण तुझं पान प्रत्येक गाडीमागे शेतकऱ्याचं नाव आणायला डेटाबेसकडे वेगळी फेरी मारतं. चाळीस गाड्या, चाळीस फेऱ्या, त्याही समुद्रापलीकडून. आठ सेकंद तिथेच गेले. ॲप स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन डेटाबेस इतकाच लांब ठेवलास, तर तिथेही हेच होणार. दोन्ही मुंबईत आण, नावं एकाच क्वेरीत जॉइन करून घे, म्हणजे गाड्या आणि नावं जोडून एकाच फेरीत माग, आणि मग वेळ मोज. मोज म्हणजे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये आकडा बघ. ‘आता बरं वाटतंय’ हे उत्तर मी घेणार नाही.

लोक खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. बहुतेकांचं मत कधीतरी खरं होतं, फक्त त्यावरची तारीख कुणी बघत नाही. गुगलचं ॲप इंजिन, असाच एक प्लॅटफॉर्म, एप्रिल २००८ मध्ये आलं तेव्हा त्यावर फक्त पायथन चालायचं. नेहमीचा एसक्यूएल डेटाबेस नव्हता, जॉइन नव्हते, डिस्कवर फाइल लिहिता येत नव्हती आणि ठरलेल्या थोड्या सेकंदांत उत्तर दिलं नाही तर रिक्वेस्ट तोडली जायची. पुढे २०११ मध्ये दरांची पद्धत बदलली, बऱ्याच जणांची बिलं एकदम चढली आणि लोक चिडले. त्या वेळी जो म्हणाला ‘हे आपल्या कामाचं नाही’, त्याच्यापाशी कारण होतं. पण २०१९ मध्ये त्याच कंपनीचं क्लाउड रन आलं. त्यात हव्या त्या भाषेतला कोड कंटेनरमध्ये, म्हणजे कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात, घालून चालवता येतो. आपल्याकडचे लोक मात्र अजून २०११ चंच बोलतात. कौतुकाचीही तीच गत. हेरोकू या प्लॅटफॉर्मवर फुकट ॲप टाकायला शिकवणारे लेख अजून वाचले जातात, आणि ती फुकट सोय २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाली आहे. शिव्या शिळ्या, कौतुकही शिळं. मग करायचं काय? चालवून बघायचं.

‘प्लॅटफॉर्म फाइली गिळतो’ ही अशीच एक गावगप्पा. शेतकऱ्याने काट्याच्या पावतीचा फोटो अपलोड केला, दुसऱ्या दिवशी फोटो गायब. झालं, प्लॅटफॉर्म बदनाम. अगं, अशा प्लॅटफॉर्मवर चालत्या ॲपची डिस्क बहुधा तात्पुरतीच असते. नवा डिप्लॉय झाला, म्हणजे नवा कोड चढला, किंवा ॲप रीस्टार्ट झालं की ती कोरी होते, आणि हेरोकूवर तर रोज एकदा तरी रीस्टार्ट होतोच. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइलींसाठीच्या वेगळ्या कायमच्या साठ्यात, ठेवायचे आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. आणि ते वाचायचं नसेल तर एक फोटो चढव, ॲप रीस्टार्ट कर आणि फोटो शोध. पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझं ऐक. यात मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. मी आणि माझा पार्टनर, आम्ही दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाउससाठी द्राक्षांचं ॲप केलं होतं. प्लॉट नंबर, तोडणीची तारीख, फवारणीच्या अंशांचा रेसिड्यू रिपोर्ट, क्रेटचं वजन, माल भरायच्या कंटेनरची यादी, सगळं त्यात. जानेवारी ते एप्रिल त्यावर झुंबड, आणि उरलेलं वर्ष कुणी फिरकत नाही. मी म्हटलं, हे काम प्लॅटफॉर्मचंच आहे, सीझनला इन्स्टन्स, म्हणजे ॲपच्या चालत्या प्रती, वाढवू, मे महिन्यात कमी करू. त्याला अंबडच्या ऑफिसात आपला सर्व्हर हवा होता, यूपीएससकट. मी म्हटलं, एक महिना दोन्हीकडे चालवू आणि आकडे समोर ठेवू. तो म्हणाला, ‘सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट चालवून काय बघायची?’ त्या वाक्यावर आमचं फाटलं. तो पुण्याला गेला. चांगला माणूस, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायचा. त्याचं वाईट मला आजही वाटतं. पण त्या वाक्यापुढे मी तेव्हाही मान तुकवली नाही आणि आजही तुकवणार नाही.

मला आळशी म्हणाले. महिन्याचं बिल सर्व्हरच्या भाड्याहून जास्त येतं म्हणून ऐकवलं. येतच होतं. पण ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड जाहीर झालं, वेबसाइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली ती भयंकर चूक, तेव्हा द्राक्षांचे शेवटचे कंटेनर भरणं चालू होतं. प्लॅटफॉर्मने त्यांच्या बाजूची दुरुस्ती केली, आम्ही सर्टिफिकेट आणि पासवर्ड बदलले आणि लोडिंगला लागलो. ज्यांचे स्वतःचे सर्व्हर होते ते प्रत्येक मशीनवर कुठली व्हर्जन आहे हे शोधत बसले. भाड्याच्या आकड्यात ती रात्र कोण धरतं? मी धरते. म्हणून माझा हिशेब वेगळा येतो, आणि तो बरोबर आहे.

तरी माझंही मत उसनं घेऊ नकोस. व्यापारी द्राक्षाचा भाव बांधावरून ठरवत नाही. बागेत शिरतो, मणी तोडून खातो, ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजतो. तू तेवढं तरी कर.

अडकण्याची भीती खोटी नाही, पण तिचंही माप काढता येतं. साध्या पोस्टग्रेस डेटाबेसवर आणि कंटेनरवर उभं असलेलं ॲप उचलणं सोपं. प्लॅटफॉर्मच्या खास क्यू (कामांच्या रांगा), खास लॉगिन, खास डेटाबेस यांच्यात गुंतलेलं ॲप उचलणं महागात पडतं. तुझं किती गुंतलंय? मला विचारू नकोस. डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, काढ, लॅपटॉपवर पोस्टग्रेसमध्ये उतरव, तोच कंटेनर डॉकरवर (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालू कर आणि एका गाडीची नोंद करून बघ. जिथे अडलीस, तिथे अडकली आहेस. तेवढंच, जास्त नाही.

बिलासाठी बजेट अलर्ट आजच लाव. पण तो नुसता कळवतो, खर्च थांबवत नाही, म्हणून इन्स्टन्सची कमाल मर्यादा वेगळी घाल. पहाटे पहिली गाडी आली की ॲप उठायला वेळ घेतं अशी तक्रार येईल. कुणी वापरत नसताना इन्स्टन्स शून्यावर जातात, म्हणून तसं होतं. लिलावाच्या दिवसांत किमान एक इन्स्टन्स जागा ठेव, आणि त्याचे पैसे किती वाढले तेही लिहून ठेव.

महिनाभर निफाडच्या खऱ्या नोंदी त्यावर घे, खोटा डेटा नको. मुद्दाम एक वाईट डिप्लॉय कर आणि आधीच्या व्हर्जनवर परत यायला किती मिनिटं लागली ते बघ. बॅकअपवरून एकदा तरी रिस्टोर कर. मग हे सगळे आकडे एका कागदावर लिहून सीनियरसमोर ठेव आणि त्याला आदराने विचार: सर, तुमच्या सर्व्हरवर शेवटचा रिस्टोर कधी करून बघितला होता, आणि त्याला किती वेळ लागला होता?

तुझी,
ताई