ब्रेडक्रम्स न घालता टर्की बर्गर घरी कसे करायचे? माझे कोरडे होतात आणि उलटताना फुटतात.

तुम्ही ९९ टक्के फॅट-फ्री लिहिलेलं पाकीट आणताय, असा माझा अंदाज. अमेरिकेत आल्यावर सुरुवातीला मीही तेच उचलायचो, आकडा बघून बरं वाटायचं म्हणून. तो नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा. काहीही करा, भुसाच होतो. ८५ किंवा ९३ टक्के लीन घ्या, म्हणजे बाकीची १५ किंवा ७ टक्के चरबी. ब्रेडक्रम्स कार्बमुळे टाळत असाल, तर टर्कीत कार्ब जवळजवळ नसतातच, ते येतात बनमधून (एका साध्या बनमध्ये साधारण २५ ग्रॅम) आणि क्रम्समधून. मग फॅटला कशाला घाबरायचं?

क्रम्स रस धरून ठेवतात. बायकोची शुगर वाढल्यावर आमच्याकडे ते बंद झाले, तेव्हा मी आधी अंडं घालून पाहिलं. मिश्रण आणखीच पातळ झालं. मग मशरूम सापडले. एक पौंड खिम्याला (४५४ ग्रॅम) पाच-सहा मशरूम अगदी बारीक चिरा, चमचाभर तेलात पाणी पूर्ण आटेपर्यंत परता आणि गार करा. गरम घातले तर खिमा तिथेच शिजायला लागतो. अर्धा कांदा किसून घट्ट पिळून घाला. न पिळलेला कांदा पाणी सोडतो, आणि तुमच्या पॅटी फुटत असतील तर पहिला संशय माझा त्याच्यावर.

आता हर्ब्ज. टर्कीला स्वतःची चव फारशी नाही, म्हणून हात आखडू नका. मूठभर पार्स्ली, सेजची चार-पाच पानं, थाइमची चमचाभर पानं, सगळं ताजं. सेज आणि थाइम म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचा वास, ती जोडी जमलेली आहे. वाळलेले असतील तर एक तृतीयांश पुरे. सेजचा हात सैल सुटला तर औषधासारखं लागतं, हे स्वानुभवाने सांगतो. पार्स्लीऐवजी कोथिंबीर आणि एक हिरवी मिरचीही छान लागते, पण मग सेज नको. गरम मसाला घातलात तर शामी कबाब करा, बर्गर कशाला?

मिरपूड आणि लसूण आधी घाला, मीठ (पाऊण चमचा) मात्र थापायच्या अगदी आधी. मीठ घालून खिमा मळत बसलं की प्रथिनं चिकट होतात आणि पॅटी रबरासारखी लागते. सॉसेजला ते हवं असतं, आपल्याला नको. कणकेसारखं मळू नका, बोटांनी कालवा. हाताला तेल लावून चार पॅटी थापा. थालीपिठाला भोक पाडतो तसं नाही, मध्ये अंगठ्याने नुसता खळगा करा, म्हणजे त्या फुगून चेंडू होत नाहीत. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

बिडाचा तवा, मध्यम आच, तेल थोडं सढळ. पहिली बाजू पाच मिनिटं, आणि तोवर हात लावायचा नाही. खालून खरपूस झाली की ती आपणहून सुटते. चिकटलेली असेल तर अजून वेळ आहे. उलथन्याने दाबू नका, सगळा रस तव्यावर जातो. दुसरी बाजूही तेवढीच. टर्की आतून कच्ची चालत नाही, मध्यभागी १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) यायलाच हवं. रंगावर जाऊ नका, स्वस्तातला थर्मामीटर आणा. त्याचा खरा फायदा असा की भीतीपोटी आपण जास्त शिजवत नाही. माझ्या बर्गरचा कोरडेपणा निम्मा त्यानेच गेला.

केचप जपून, एका टेबलस्पूनमध्ये चार-पाच ग्रॅम कार्ब असतात. आम्ही मोहरी आणि मेयोनीज लावतो. बनच्या जागी आइसबर्ग लेट्यूसची मोठी पानं, दोन-दोन एकावर एक, पूर्ण कोरडी केलेली. खालून कागद गुंडाळा, नाहीतर रस कोपरापर्यंत ओघळतो.