हळद तीच, मग आकडे दोन कसे?

प्रश्न : मॅडम नमस्कार. धायरीला आमचं हळद-मसाल्याचं छोटं युनिट आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. एका कंपनीला हळद पावडर देतो, त्यांनी यावेळी लॉट परत पाठवला, कारण काय तर टॅप डेन्सिटी मॅच होत नाही. आम्ही सर्टिफिकेटवर 0.56 (एका एमएलला इतके ग्रॅम) लिहिलं होतं आणि त्यांच्या लॅबला 0.61 आली. काही मिसळलंय का असं पण फोनवर विचारलं, ते फार लागलं मनाला. आम्ही 250 एमएलच्या प्लास्टिकच्या सिलिंडरमध्ये 100 ग्रॅम हळद घालतो, टेबलावर रुमालाची घडी ठेवून हाताने 100 वेळा आपटतो आणि रीडिंग घेतो. कुठे चुकतंय?
— एक भगिनी, धायरी

उत्तर : ताई, आधी ते मनाला लागलेलं काढून टाका. टॅप डेन्सिटीवरून भेसळ कळत नाही, त्याच्या टेस्ट पूर्ण वेगळ्या असतात. दळण जरा बारीक-जाड झालं तरी हा आकडा हलतो, त्यामुळे ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांनी घाईच केली.

आता मुद्द्याचं. दिवाळीला भाजणी दळून आणली की डब्यात मावत नाही, मग आपण डबा दोन-चारदा जमिनीवर आपटतो आणि वर चार बोटं जागा होते, भाजणी तेवढीच असते फक्त कणांच्या मधली हवा निघून जाते. टॅप डेन्सिटी म्हणजे हेच, पण डबा किती उंचीवरून आणि किती वेळा आपटला हे ठरवून. आणि तुमचं सगळं भांडण या "किती"मध्येच आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम बारीक दळलेली हळद घेतली, 100 ग्रॅम, काचेचा 250 एमएलचा सिलिंडर, आणि ठोके देणाऱ्या मशीनला लावून मध्ये मध्ये थांबवत रीडिंग घेतली. नुसती ओतल्यावर 212 एमएल. 100 ठोक्यांनंतर 178. 500 ला 168, 1250 ला 165 आणि आणखी 1250 दिल्यावर 164. ग्रॅमला एमएलने भागून बघा, 100 भागिले 178 म्हणजे 0.56 आणि 100 भागिले 164 म्हणजे 0.61. एकाच हळदीत तुमचा आकडा पण आहे आणि त्यांचा पण! तुमची हळद आणि माझी हळद वेगळी आहे हे मान्य, पण 100 ठोक्यांवर थांबलं की पावडर अजून बसतच असते एवढं यातून नक्की कळतं.

फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या चाचण्यांचा प्रमाणग्रंथ, त्याच्या पद्धतीत, जी बऱ्याच फूड लॅब पण वापरतात, सिलिंडर 14 मिलिमीटर उंचीवरून पडतो आणि मिनिटाला 300 ठोके, नाहीतर 3 मिलिमीटर आणि मिनिटाला 250. आधी 10, मग 500, मग 1250 ठोक्यांची रीडिंग घ्यायची. 500 आणि 1250 मधला फरक 2 एमएल किंवा त्याहून कमी असेल तर 1250 चं रीडिंग फायनल, जास्त असेल तर परत ठोके द्यायचे. माझ्या हळदीत फरक 3 आला म्हणून मी पुढे गेले. दूध पावडरची आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) पद्धत वेगळी, तिथे 100 ग्रॅमला 625 ठोके. म्हणजे "टॅप डेन्सिटी 0.61" एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट अर्धवट असतं. तुमचं पण आणि त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये पद्धत लिहिली नसेल तर त्यांचं पण. त्यांना मेल करून ठोके किती, उंची किती, सिलिंडर कुठला हे लेखी मागून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

तो रुमाल मात्र आजच बंद करा. घडीमध्ये ठोक्याचा जोर जिरून जातो आणि हाताने आपटताना पन्नासाव्या ठोक्याला जो जोर असतो तो नव्वदाव्याला नसतो, जाऊबाई आपटतील तेव्हा तर आणखी वेगळा. प्लास्टिकचा सिलिंडर पण नको, त्या पद्धतीत सिलिंडरचं वजन सुद्धा 220 ग्रॅम, 44 कमी-जास्त, असं दिलेलं आहे कारण हलकं भांडं हलकंच आदळतं. मशीन लगेच घेणं जमणार नसेल तर लॉटचं सॅम्पल बाहेरच्या लॅबकडून करून घ्या, पण हाताचा आकडा सर्टिफिकेटवर घालू नका.

आणि एक गोष्ट जी मला मशीनपेक्षा महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पावडर ओतायची कशी. मी बरीच वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे माल तपासायच्या खात्यात काढली, नवीन मुलं मशीनकडे टक लावून बघायची आणि चूक आधीच ओतताना झालेली असायची. पोत्याच्या वरची हळद घेतली की वेगळी, तळाची घेतली की वेगळी, म्हणून दोन-तीन ठिकाणची घेऊन हलक्या हाताने मिसळा. गुठळ्या असतील तर 1 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सिलिंडर कलता धरून फनेलने सावकाश सोडा, चमच्याने दाबू नका, वरचा भाग सपाट करायला सिलिंडर ठोकू पण नका, पातळ पट्टीने अलगद सारखं करा. आणि ठोक्यांआधीचं रीडिंग लिहून ठेवा, तुम्ही ते घेतच नाही असं पत्रावरून दिसतंय. माझ्या हळदीत 212 चे 164 झाले, म्हणजे 48 गेले, 212 च्या साधारण 22.6 टक्के. याला कार इंडेक्स म्हणतात, आणि 212 भागिले 164 म्हणजे 1.29, हा हाउसनर रेशो. 21 ते 25 टक्के म्हणजे पावडर कशीबशी वाहते, 15 च्या आत असेल तर छान वाहते. फॅक्टरीत हॉपर (मशीनवरचं पावडर भरायचं मोठं नरसाळं) का अडला हे या दोन आकड्यांवरून कळतं, एकट्या टॅप डेन्सिटीवरून नाही कळत.

प्रश्न : आमच्याकडे ऑगर फिलरवर (स्क्रू फिरवून पावडर भरणारं मशीन) नाचणी सत्त्वाची 500 ग्रॅमची पाकिटं भरतात. सकाळी वजन बरोबर, दुपारी पंधरा-वीस ग्रॅम कमी. शिवाय दुकानदार म्हणतात पाकीट वरून रिकामं दिसतं.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : ऑगरला ग्रॅम कळत नाहीत हो, तो स्क्रूच्या फेऱ्या मोजतो म्हणजे जागा मोजतो. हॉपर काठोकाठ असताना खालची पावडर दबलेली असते, दुपारी हॉपर अर्ध्यावर आला की ती सैल पडते आणि तेवढ्याच फेऱ्यांत वजन कमी भरतं. हॉपरची लेव्हल एकसारखी ठेवा, नवीन लॉट लावला की आधी बल्क डेन्सिटी, म्हणजे ठोके न देता नुसती ओतल्यावरची, काढा, आणि दर थोड्या वेळाने दहा पाकिटं वजनकाट्यावर टाकाच, कारण 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे पाकिटावर लिहिलेलं वजन आत भरावंच लागतं.

रिकामं दिसतं ते वेगळं प्रकरण. समजा ओतताना डेन्सिटी 0.47 आहे, तर 500 ग्रॅमला 1064 एमएल जागा लागते. हेच पाकीट टेम्पोतून कात्रजचा घाट उतरून साताऱ्याला पोचेपर्यंत 0.61 झालं तर 820 एमएल. जवळजवळ पाव पाकीट रिकामं, आणि वजनात एक ग्रॅमचा फरक नाही. म्हणून पाऊच ठरवताना दोन्ही आकडे समोर ठेवा आणि सील करायच्या आधी पाकीट थोडं व्हायब्रेट करता आलं तर करा, मग छोटा पाऊच चालतो आणि फिल्मचा खर्च पण वाचतो.

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजीला आहे. जुलैमधल्या प्रॅक्टिकलला आमची टॅप डेन्सिटीची रीडिंग मे महिन्यापेक्षा वेगळी आली, सरांनी परत करायला सांगितलं. चूक आमचीच का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : अगं, तुझी चूक असेलच असं नाही. पुण्यात जुलैला हवेत किती दमटपणा असतो, उघडी पावडर पाणी ओढते आणि कण एकमेकांना चिकटतात. चिकटलेले कण ओतताना कमानी करून उभे राहतात, म्हणून ठोक्यांआधीची डेन्सिटी कमी येते, ठोके दिले की कमानी मोडतात आणि हाउसनर रेशो वाढतो. रीडिंगच्या शेजारी पावडरचा त्या दिवसाचा मॉइश्चर (ओलावा) लिहून सरांना दाखव. हळद पावडरला एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) ओलाव्याची मर्यादा 10 टक्के आहे, सॅम्पल हळदीचं असेल तर ते त्याच्या किती जवळ आहे ते बघ. इन्स्टंट दूध पावडर असेल तर गुठळ्या म्हणून चाळू नको, ते दाणे मुद्दाम केलेले असतात, चाळलंस तर मोडतील आणि मग मे आणि जुलैची तुलनाच करता येणार नाही.