‘सरखेल’ : पद, पदवी की आडनाव?

एका वाचकभगिनीचा प्रश्न आहे : ‘भाचा खडकवासल्याच्या एनडीएत नौदलाचा कॅडेट म्हणून दाखल होतोय. घरच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायचे आहेत. सरखेल हे आंग्र्यांचं आडनाव का? की सरळ अ‍ॅडमिरल कान्होजी आंग्रे म्हणावं?’

ताई, आडनाव आंग्रे. सरखेल हे मराठी आरमाराच्या प्रमुखाचं पद, आणि त्या पदाचा कारभार म्हणजे सरखेली. पुरावा आंग्र्यांच्याच घरातला आहे. कान्होजी 1729 मध्ये गेले, त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी 1733 मध्ये. मग उरलेल्या भावांत भाऊबंदकी माजली. 1735 मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून वाटणी केली, तेव्हा कुलाबा मानाजींकडे राहिला आणि त्यांना ‘वजारतमाब’ किताब मिळाला. विजयदुर्गाकडच्या संभाजींकडे ‘सरखेल’ राहिलं. सख्ख्या घरात दोन किताब झाले, आडनाव मात्र एकच राहिलं.

आता शब्दाचं पोट बघा. ‘सर’ म्हणजे प्रमुख. सरनोबत, सरलष्कर, सरदेशमुख यांतला. ‘खेल’ मूळ अरबी ‘खैल’, म्हणजे घोडे, घोडदळ. दिल्लीच्या सुलतानशाहीत इतिहासकार बरनीने सैन्याची जी उतरंड सांगितली आहे, तीत सरखेल हा अवघ्या दहा स्वारांचा नायक. दहा घोड्यांवरचा हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर येऊन अख्ख्या आरमाराचा धनी झाला! मला तर या शब्दाचा हा प्रवास फार आवडतो. तुमच्या भाच्यालाही तो जरूर सांगा, कारण त्याचीही सुरुवात लहान तुकडीपासूनच होणार आहे.

‘आरमार’ पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून आलं, त्याचा मूळ अर्थ ‘शस्त्रसज्ज’. ‘अ‍ॅडमिरल’ अरबी ‘अमीर-अल’वरून, म्हणजे ‘अमुकचा सरदार’. तिन्ही शब्दांत समुद्र कुठेच नाही. तो आहे शिवकाळातल्या ‘दर्यासारंग’ या आरमारी हुद्द्यामध्ये.

अर्थाने सरखेल आणि अ‍ॅडमिरल जवळचे आहेत, तरी मी अ‍ॅडमिरल म्हणणार नाही. ते आजच्या नौदलाच्या श्रेणीतलं नेमकं पद आहे, आणि कान्होजींना त्यांच्या काळाने दिलेला शब्द आपल्याकडे असताना उसना कशाला घ्यायचा? नौदलाच्या मुंबईतल्या तळालाही ‘आयएनएस आंग्रे’ असं नुसतं नाव आहे; ते पुरेसं बोलतं.

एक गोष्ट भाषणातून गाळू नका, दुखरी असली तरी. 1756 मध्ये विजयदुर्गाखाली कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. ते जाळणाऱ्या इंग्रजांना साथ आपल्या पुण्याच्या पेशव्यांची होती. पुण्यातून नौदलात जाणाऱ्या मुलाला हे पुण्याच्याच माणसाकडून कळावं, असं मला मनापासून वाटतं.

बोलताना ‘कान्होजी आंग्रे सरखेल’ असं म्हणा. जुन्या कागदांत पद नावामागून येतं. आणि उच्चार सर-खेल. शेवटी ‘ल’, ‘खेळ’मधला ‘ळ’ नव्हे.