फ्रिजवरचा तक्ता आणि पुढचा सोमवार

प्रश्न : ताई, माझं वय ४६. राहते घोडबंदर रोडला, नोकरी फोर्टला. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलंय. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता फ्रिजवर लावलाय : ओट्स, चिया, ब्रोकोली, सहा वाजता सूप, आठच्या आत जेवण. दर वेळी ‘सोमवारपासून नक्की’ म्हणते. मग उपास येतो, पाहुणे येतात. संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर वडापाव होतोच. मग वाटतं, आजचा दिवस गेलाच, आणि रात्री पोटभर भात. मी आळशी आहे का?

उत्तर : फोर्ट ते घोडबंदर रोज करणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणेल? सहा वाजता तुम्ही फार तर सीएसएमटीच्या फलाटावर असता. तिथे सूप कोण देणार? आणि आठच्या आत जेवण हे घोडबंदरच्या ट्रॅफिकला विचारून ठरवायला हवं. जे जमणारच नसतं ते माणूस सोमवारवर टाकतो.

सोमवारचा मोह मात्र तुम्हालाच होतो असं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की गूगलवर ‘डाएट’चा शोध आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला वाढतो. पण आपल्याकडे येणारा सोमवार म्हणजे रविवारपर्यंत काहीही खायचा परवाना होतो.

खरी गडबड संध्याकाळची आहे. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नाही, आणि त्या भुकेनं स्टेशनबाहेर तळणीच्या वासासमोर उभं राहायचं! तिथे निश्चय-बिश्चय चालत नाही. पर्समध्ये फुटाणे-शेंगदाण्यांची लहान डबी ठेवा आणि भायखळा आलं की उघडा. दादरची गर्दी चढल्यावर हात हलवायला जागा राहत नाही, म्हणून भायखळाच. हे आजपासून करा, सोमवारची वाट नको.

ब्रोकोलीचा नाद सोडा. गावदेवी मंडईतली मेथी, दुधी, मोडाची मटकी उत्तम. रात्री भाजी-उसळ आधी खा, भात शेवटी, वाटीभर. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते. उपासाला साबुदाणा नको, तो निव्वळ स्टार्च. भगर थोडी घ्या. दाण्याची आमटी, काकडी, ताक जास्त.

वडापाव कायमचा बंद करा असं मी सांगणार नाही. ठाण्यात राहून ते कुणाला जमलंय? पण तो खाल्ला म्हणून रात्रीचं जेवणही बिघडवायचं, हा हिशेब मला पटत नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय रुजायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी; इथून मागे फिरता येतं. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. तक्ता फाडू नका, आहारतज्ज्ञांकडे परत न्या आणि तुमच्या लोकलची वेळ सांगा. खरं तर ती त्यांनीच विचारायला हवी होती.